विटा पाडणाऱ्याचे घर
(आदिवासी कल्याण कार्याच्या सभेत केलेले भाषण)



वस्तीवरच्या कुटुंबांसाठी तुम्ही पत्रे, ताडपत्री, भांडी देत आला आहात. त्याबद्दल सर्वांच्या वतीने आभार. आज मात्र मी तुमचे चार दिवस मागायला उभी आहे.

घरासाठी सरकारी मदत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार वेगळे. अनुसूचित जमातींसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. कातकरी समाजासाठी २०२३ साली सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत एका घराला २ लाख रुपये धरले आहेत.

मग वाई-जावळीकडचे कातकरी आणि जत-मिरजेकडचे फासेपारधी यांच्यातली इतकी कुटुंबे अजून झोपडीत, पालात किंवा भाड्याच्या खोलीत का? मी त्यांच्याबरोबर कचेऱ्यांत जाते, तेव्हा तीन अडचणी पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, जातीचा दाखला. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजे-पणजे पोटासाठी गावोगाव फिरले, त्यांनी तो कुठून आणायचा? शाळेचे जुने रजिस्टर, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, भावकीतल्या कोणाचा आधीचा दाखला, असे शोधावे लागते. लिहिता-वाचता येणारे कोणी सोबत असेल तर हे काम पुढे सरकते.

दुसरी, जागा. झोपडी शेतमालकाच्या बांधावर असते. तिथे घरकुल बांधता येत नाही. अशा लाभार्थ्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून १ लाखापर्यंत मदत मिळू शकते. पण त्याला जागा विकायला गावात कोणीतरी तयार हवे. आपल्यापैकी काहींच्या नावावर जमीन आहे, काहींचा गावात शब्द चालतो. याचा विचार घरी जाऊन करा.

तिसरी, यादीतले नाव. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेपुढे येते. ग्रामसभा प्रामुख्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. म्हणजे जानेवारी आणि मे या दोन्ही सभांना ती गावात नसतात. पाहणी करणारे येतात तेव्हा झोपडीला कुडाचे दार लावलेले असते. दुसऱ्याच्या घरासाठी विटा पाडणाऱ्याचे नाव त्याच्याच गावच्या यादीत येत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. प्रत्येक मंडळीने जवळची एक वस्ती निवडावी. जून-जुलैत माणसे घरी असतात, तेव्हा आधार, बँक पासबुक आणि दाखल्याचे कागद तपासावेत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला त्यांच्यासोबत बसावे. नाव वाचले गेले नाही तर त्यांनीच उठून विचारावे, आपण शेजारी असावे. मंजुरीनंतर हप्ते थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात. पुढचे हप्ते बांधकामाची पाहणी होऊन मिळतात, त्यामुळे काम अर्धवट थांबू देऊ नये. आणि अर्ज करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका, हे वस्तीवर स्पष्ट सांगा.

ताडपत्री दोन पावसाळे टिकते. तुमच्या चार दिवसांतून उभे राहिलेले घर त्यांच्या नातवंडांना पुरेल.