वणवा यायच्या आधीच अंगण झाडा

(गुलमंडी येथे झालेल्या बचत गटांच्या मेळाव्यातील भाषण)



गुलमंडीच्या गर्दीतून वाट काढत तुम्ही कन्नड, सोयगाव, खुलताबादकडून आलात. होळी तोंडावर आहे, बाजारही करायचा असेल. म्हणून थोडक्यात बोलते.

आपल्यातल्या कितीतरी जणींची घरं गौताळ्याच्या रानाला लागून आहेत. १९८६ साली ते अभयारण्य झालं. रान पानगळीचं. फेब्रुवारीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत तिथं एक काडी पुरते. आणि ती काडी बहुतेक वेळा माणसाचीच असते. कुणी बांध पेटवतो, कुणी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतो, कुणी विडीचं थोटूक टाकतो. जाळलं की गवत जोमानं येतं म्हणतात. पण कोवळी रोपं जळतात, उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हेही घरच्या गड्यांना सांगा.

आता घराचं. जाळ अंगणात यायच्या आधी वाऱ्यावर ठिणगी येते. ती कशावर पडेल, हे आपल्या हातात आहे. म्हणून होळीआधी एवढं करा :

१. घराभोवती वीस हात, म्हणजे तीस फूट, वाळलेलं गवत-पाचोळा ठेवू नका. छपरावरचाही काढा.

२. कडब्याची गंजी, गोवऱ्या, सरपण भिंतीला टेकवून ठेवू नका, लांब हलवा.

३. पाण्याची टाकी, पिंप भरलेलं असू द्या. जवळ बादली, गोणपाट, फावडं ठेवा.

४. आधार कार्ड, पासबुक, गटाचं रजिस्टर, औषधं एकाच पिशवीत ठेवा.

धूर दिसला की वन विभागाला १९२६ वर, नाहीतर ११२ वर फोन करा. आधी म्हातारी माणसं, लेकरं, बाळंतीण बाहेर काढा. वेळ असेल तर जनावरांची दावी सोडा. डोंगरावर चढू नका. आग चढावर फार वेगानं धावते. नांगरलेल्या मोकळ्या रानात किंवा गावच्या पक्क्या शाळेकडे जा. नायलॉनची साडी अंगाला चिकटते, सुती नेसा. तोंडावर ओला पदर धरा. भाजलंच तर वीस मिनिटं गार पाणी सोडा. पेस्ट, शाई लावू नका, आणि १०८ ला बोलवा.

आणि बायांनो, आग विझवायला एकटीनं धावू नका. गंजी पुन्हा रचता येते, माणूस नाही.

पुढच्या बैठकीत बचत-हप्ता लिहून झाला की रजिस्टरात आणखी एक ओळ लिहा : गावात एकटं म्हातारं माणूस कोण, आणि त्याला बाहेर कोण आणणार? नाव घालून लिहा. धूर दिसल्यावर विचारत बसायला वेळ नसतो.