वहति आणि वेज़ेति : एका अलिखित क्रियापदाची वंशावळ



ज्या अंबेजोगाईत कवी मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते आणि त्यांच्या ‘विवेकसिंधू’चा शके १११० हा परंपरागत काळ शाळकरी पोरालाही मुखोद्गत असतो, तेथे रशियन, पोलिश, बल्गेरियन आदी भाषांची जननी जी आद्य-स्लाव्ह भाषा, तिच्यातील एका क्रियापदाची रूपे सांगत बसणे आपणांस अप्रस्तुत वाटेल, परंतु ते क्रियापद आपल्या नात्यातले आहे. आपण त्याला ‘वाहणे’ म्हणतो.

आद्य-स्लाव्ह भाषेचा एकही लेख उपलब्ध नाही. इ. स. ८६३ च्या सुमारास सिरिल व मेथोडिअस या बंधूंनी मोराव्हियाच्या कार्यासाठी स्लाव्ह वाणी लिपिबद्ध केली, त्याच्या आधीच तिच्यात प्रांतभेद दिसू लागले होते. म्हणून, दफ्तरी नोंद नसलेली वहिवाट पंचांच्या जबान्यांवरून शाबीत करावी, तसे पंडित लेकींच्या साक्षींवरून आईचे रूप ठरवितात आणि त्या अनुमित रूपापुढे तारका मांडतात. अशी तारकांकित रूपे पाहा : वेज़ों, वेज़ेशि, वेज़ेति, वेज़ेम्, वेज़ेते, वेज़ोंति. आता आपली संस्कृत रूपे म्हणा : वहामि, वहसि, वहति, वहामः, वहथ, वहन्ति. आपल्या ‘ह’च्या जागी तिकडे ‘ज़’ येतो, आणि तो लहरीने येत नाही : आपले ‘हिम’ ते तिकडची ‘ज़िमा’, म्हणजे हिवाळा, आपले ‘अहम्’ ते त्या बंधूंनी लिपिबद्ध केलेल्या जुन्या स्लाव्होनिकमधील ‘आज़’. इतकेच नव्हे, तर ‘अवाक्षम्’ या भूतकाळी रूपात धातूचा स्वर दीर्घ होतो, तसाच तो जुन्या स्लाव्होनिकच्या ‘वेस्’मध्ये आणि लॅटिनच्या ‘वेक्सी’मध्येही मूळचा दीर्घच; इतक्या आडवळणाच्या खोडीत तीन भाषा योगायोगाने एकत्र येत नसतात.

रशियन माणूस याच धातूवरून भरल्या गाडीला ‘वोज़’ म्हणतो. आपल्याकडे मुकादमाची उचल घेऊन साखर कारखान्याकडे निघालेली कुटुंबे उसाच्या मोळ्या वाहतात, बिंदुसरा नदी वाहते, योगेश्वरी देवीला फुले वाहतात, आणि महसुली कागदात जमीन ‘वहीत’ नाही तर ‘पडीक’ असते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. रशियनमध्ये ‘ती वाहून नेत होती’ याला ‘वेज़्ला’ म्हणतात, नपुंसकलिंगी ‘वेज़्लो’. आपल्याकडे ‘वाहिली’, ‘वाहिले’. लिंगानुसार बदलणारा हा ‘ल’ पाहून आमच्यातील उत्साही व्युत्पत्तिकार हर्षभरित होतात. तो हर्ष व्यर्थ आहे. स्लाव्ह ‘ल’ हा तिकडील जुन्या कृदन्ताचा प्रत्यय. आपला ‘ल’ प्राकृतातील ‘-इल्ल’चा वंशज, भूतकृदन्ताला मागाहून जडलेला. दिसायला जुळी असली, तरी ही दोन घरची लेकरे आहेत.

खरा भेद वर्तमानकाळात आहे. रशियनने जुने वर्तमान वर्तमानच राखले. आपण मात्र ‘वहति’चे ‘वहइ’, ‘वाहे’, ‘वाही’ करीत ते रीतिभूतकाळात लोटले, म्हणून ‘तो कावडीने पाणी वाही’ हे आज गतकाळाचे वाक्य होते. त्याच जुन्या वर्तमानाला ‘ल’ जोडून आपण ‘वाहील’ हा भविष्यकाळ उभारला, आणि रिकाम्या झालेल्या जागी ‘वहन्त्’ या कृदन्तापासून घडलेला ‘वाहतो’ आणून बसविला.