भोक मोठं केलं आणि गाडी झोपली

आज बोरी अरबहून बोलतोय, घराच्या ओट्यावरून. मागं बाबांची आरएक्स १०० उभी आहे. ब्लॉक काढलेला, खाली पोतं अंथरलेलं.

ही दशा मीच केली. रीलवर पोर्टिंग बघितलं आणि डोक्यात बसलं, हवेची वाट मोठी केली की ताकद वाढते. ड्रिलला दगड लावला, एग्झॉस्टचं पोर्ट वर चढवलं, ट्रान्सफर रुंद केले. बाबा तेव्हा वावरात होते. संध्याकाळी गाडी सुरू केली तर आवाज असा, की पोट्टे गोळा झाले! दारव्हा रोडला लागलो आणि मागून एक स्प्लेंडर आली. दोन माणसं, मध्ये ढेपेचं पोतं. आरामात ओलांडून गेली.

दारव्ह्याच्या मिस्त्रीचाचांनी पोर्टमधून बोट फिरवलं. "कोनं सांगलं तुले भोक मोठं कराले? पाट रुंद केला त पानी धावते का रेंगाळते?"

हिशोब मग घरी येऊन केला. हे ९८ सीसीचं इंजिन ७५०० आरपीएमला सेकंदाला १२५ फेऱ्या मारतं. म्हणजे एक फेरी ८ मिलिसेकंदांची. त्यातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये आलं पाहिजे. एवढ्याशा वेळात नुसती जागा असून काय करता, हवेला वेग आणि दिशा पाहिजे. त्यात एग्झॉस्ट लवकर उघडलं, की पिस्टनला पुरता धक्का बसायच्या आधीच गॅस निघून जातो. फार वरच्या आरपीएमला इंजिन जागं होतं, पण गावात डबलसीट तेवढं कोण पिळणार?

ड्रॅग रेसिंगवाले ४०२ मीटरच्या सरळ पट्टीसाठी यावरच आयुष्य घालवतात. अमेरिकेतला बिल जेन्किन्स, टोपणनाव 'ग्रम्पी', १९७२ मध्ये छोटी शेव्हरले वेगा घेऊन उतरला. इंजिन ३३१ घनइंचांचं, समोर ४२६ चे हेमी. वजनाच्या नियमात त्याला सवलत होती, खोटं कशाला बोला. तरी जिंकत गेला.

आणि आपल्याकडे म्हैसूरचे सोमेंदर सिंग. त्यांनी हेडच्या कडेला खाचा पाडल्या. पिस्टन वर येताना मिश्रण त्यांतून उसळून घुसळलं जावं म्हणून. २००१ मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळालं. त्यांचे सगळे दावे मला पटत नाहीत, पण भोक मोठं न करता हवेला वळण लावायचं, हा विचार भारी आहे. बजाजच्या एक्ससीडी १२५ वर डीटीएस-एसआय लिहिलेलं असायचं ना? त्यातलं एसआय म्हणजे स्वर्ल इंडक्शन, हवा भोवऱ्यासारखी आत घ्यायची.

चाचांनी एक जुना ब्लॉक शोधलाय, पोर्टला कुणी हात न लावलेला. पैसे मी दोन हप्त्यांत देणार. बाबांना सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच विचारलं, "मंग उद्या वावरात कशानं जाऊ?"

सकाळी सहाला मीच सोडायला जातोय. मित्राच्या स्प्लेंडरवर.