ग्राहकाची साक्ष

घरात नवी वस्तू आली की तिच्याविषयीचे मतही मागोमाग येते. रेडिओ-संच बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे, त्या काळी संच घेऊ इच्छिणारा गृहस्थ प्रथम आळीतील एखाद्या संचधारकाचे दार ठोठावी. कोणते केंद्र स्वच्छ लागते, पावसाळ्यात खरखर किती होते, बिघडल्यास दुरुस्त करणारा गावात आहे की नाही, एवढे विचारून तो परत येई. त्या मताला एक तारण असे. मत देणारा उद्याही शेजारीच राहणार होता. संच बिघडला तर त्याला दारात उभा राहून ऐकून घ्यावे लागणार होते.

आज मतांची वाण नाही, पण ते तारण मात्र हरवले आहे. कोणी कोणास ओळखत नाही, आणि पाच चांदण्यांचा शेरा देणाऱ्याला उद्या कोणीच जाब विचारू शकत नाही.

दुर्ग-भिलाईतील मोहन नगरसारख्या वस्तीत ही गोष्ट स्पष्ट दिसते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे या परिसरात येऊन राहिली. मराठी माणसाला तर हा मुलूख परका नव्हताच. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्याची राजधानी होती. अशा वस्तीत संध्याकाळच्या गप्पांत तीन वाक्ये हमखास कानी पडतात. ‘इंटरनेट अगदी रद्दी आहे,’ हे पहिले. ‘हा फोन घ्या, डोळे मिटून घ्या,’ हे दुसरे. आणि ‘या खेळात पैसा मिळतो,’ हे तिसरे. तिन्ही वाक्ये सारख्याच खात्रीने उच्चारली जातात. परंतु तिन्हींचे वजन सारखे नाही.

पहिले वाक्य घ्यावे. १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, तेव्हा ते मिळाले हेच पुष्कळ होते. ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यास २००४ च्या धोरणानुसार सेकंदास २५६ किलोबिट वेग पुरे होता. २०२३ पासून ही किमान मर्यादा २ मेगाबिट आहे. अपेक्षा वाढल्या हे योग्यच झाले. पण तक्रार करणाऱ्याने कशाची तक्रार आहे हे ओळखले पाहिजे. सेकंदास १०० मेगाबिट म्हणजे १०० मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून सेकंदास साडेबारा मेगाबाइटच उतरतात. यात कोणी कोणास लुबाडलेले नसते. पुन्हा, चित्रपट पाहणाऱ्या वडिलांना जोडणी उत्तम वाटते आणि त्याच घरात खेळणारा मुलगा तिला नावे ठेवतो. दोघेही खरेच बोलत असतात. वडिलांना रस्ता रुंद हवा असतो, तर मुलाला जाऊन परत येण्यास लागणारा वेळ कमी हवा असतो. रस्ता रुंद असला म्हणजे प्रवासाचा वेळ कमी होतोच असे नाही. तिसरीकडे, राउटर पुढच्या खोलीत आणि माणूस दोन भिंतींपलीकडे मागच्या खोलीत, असा प्रकार असला तर दोष वाटेतल्या भिंतींचाही असू शकतो. ‘राउटरला तार जोडून पाहिले, रात्री नऊला पाहिले आणि पहाटेही पाहिले,’ असे जो सांगतो, त्याच्या तक्रारीला कंपनीलाही उत्तर द्यावे लागते.

दुसऱ्या वाक्याचा दोष घाईचा आहे. फोनविषयीची पुष्कळशी मते पहिल्या आठवड्यातील असतात. त्या वेळी वस्तू नवी असते आणि तिच्यासाठी मोजलेले पैसे वाया गेले असे मनाला म्हणवत नाही. खरी परीक्षा मे महिन्यात होते. दुर्गच्या बाजूला पारा चाळिसाच्या वर जातो, आणि उष्णतेने लिथियमची बॅटरी लवकर थकते. दोन उन्हाळे काढलेल्या फोनविषयी त्याच्या मालकाने सांगितलेली दोन वाक्ये पहिल्या दिवसाच्या दोनशे स्तुतिपर शेऱ्यांहून मोलाची होत. पैसे घेऊन लिहिलेले शेरे ही आणखी वेगळी व्याधी. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली अशा शेऱ्यांसाठी आय.एस. १९००० हे मानक काढले. ते प्रसिद्ध झाले तेव्हा त्याचे पालन ऐच्छिक होते. मानक दिशा दाखविते. पारख अखेर वाचणाऱ्यालाच करावी लागते.

तिसरे वाक्य मात्र घर बुडविणारे आहे, आणि ते भिलाईइतके दुसऱ्या फारच थोड्या गावांनी जवळून पाहिले असेल. ‘महादेव बुक’ या सट्ट्याच्या जाळ्याचे सूत्रधार म्हणून ज्यांच्यावर आरोप आहेत, ते याच भिलाईचे. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे, या जाळ्याच्या शाखा ओळखीच्या मंडळींना सत्तर-तीस टक्क्यांच्या नफ्यावर दिल्या जात. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने या जाळ्यासह २२ सट्टेबाज ॲप व संकेतस्थळांवर बंदी घातली. आरोपांचा निवाडा न्यायालयांचा आहे. परंतु ‘ओळखीची मंडळी’ हे दोन शब्द विचार करायला लावतात. शेजाऱ्याच्या शब्दाचे जे जुने तारण होते, तेच येथे भांडवल म्हणून वापरले गेले.

असे मत पसरते कसे? जिंकलेला बोलतो आणि हरलेला गप्प राहतो. एकाने पाच हजार मिळविले ही वार्ता संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीत पोचते. दहाजणांनी पन्नास हजार घालविले हे त्यांच्या बायकांनाही कळत नाही. ऐकणाऱ्याच्या कानी केवळ जयाच्या कथा येतात आणि त्यालाच तो अनुभव समजतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाच्या खेळांना त्याने मनाई केली. ते चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड, आणि जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व पन्नास लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद केली. निखळ करमणुकीच्या खेळांना व ई-स्पर्धांना त्यात वाव ठेवला आहे. हा भेद चांगला आहे, कारण खेळणारे प्रत्येक मूल जुगारी नसते. परंतु कायदा दुकान बंद करू शकेल. हरलेल्याचे मौन कायद्याने सुटत नाही.

ते मौन सोडविण्याची एक रीत महाराष्ट्राला परिचित आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला. एकट्या ग्राहकाचे गाऱ्हाणे हवेत विरते, दहाजणांचे एकत्र मांडले की त्याची नोंद घ्यावी लागते, हे त्या चळवळीने शिकविले. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० पासून अमलात आहे. १९१५ या क्रमांकावर आज कोणालाही दूरध्वनीवरून तक्रार नोंदविता येते. आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. मात्र तेथेही पावती, तारीख आणि घडलेली हकीकत मागितली जाते. नुसता संताप नोंदविण्यास रकाना नसतो.

न्यायालयात साक्षीदाराला विचारतात: तू तेथे होतास काय? काय पाहिलेस? यात तुझा लाभ कोणता? मत देणाऱ्याने हे तीन प्रश्न आधी स्वतःस विचारावेत आणि ऐकणाऱ्याने ते बेलाशक त्याला विचारावेत. मग मताची साक्ष होते. मोहन नगरातील एखादा बाप आपल्या मुलापाशी बसून, कोणताही उपदेश न करता, ‘मी इतके पैसे घालविले, आणि ते असे गेले,’ एवढेच सांगू शकला, तर त्या एका साक्षीने जे साधेल, ते हजार चांदण्यांनी साधणार नाही.