बांधकामाचे संगणकीय नियोजन आणि आपला कामगार

(विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बांधकामावरील माल आणि कामे यांचा मेळ घालणाऱ्या संगणकीय प्रणालींविषयी मी आपल्याशी बोलावे, अशी सूचना आपण केलीत. विषय ऐकायला कोरडा वाटेल. परंतु आपल्या वस्त्यांमधील कित्येक घरांतून रोज सकाळी कोणीतरी बांधकामावर जाते. कोणी गवंडी आहे, कोणी सळईचा फिटर आहे, कोणी बिगारी म्हणून नाक्यावर उभा राहतो. दुसरीकडे, जुनी चाळ पाडून झाली आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या खोलीत दिवस काढणारी कुटुंबेही आपल्यातच आहेत. काम रखडले की पहिल्याचा रोज बुडतो आणि दुसऱ्याचे घर लांबते. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे, असे समजून आपण तो ऐकावा अशी माझी विनंती आहे.

प्रथम आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल आपण सर्वांनी पाहिला आहे. ३ जुलै २०१८ रोजी या पुलाचा पादचारी भाग रेल्वेच्या रुळांवर कोसळला. पुढे ७ नोव्हेंबर २०२२ पासून पूल वाहतुकीसाठी बंद करून नव्याने बांधण्यात आला. रुळांवरील अवजड लोखंडी गर्डरचे भाग अंबाला येथे तयार होऊन मुंबईत येत होते. ते इथे जोडायचे आणि रेल्वेने वाहतूक थांबवून वेळ दिली की रुळांवर सरकवायचे, असे हे काम होते. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा लोकांना एक विचित्र गोष्ट दिसली. नवा पूल आणि त्याला पश्चिमेकडून मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत सुमारे दीड मीटरचा फरक पडला होता. रेल्वेच्या नव्या निकषांप्रमाणे रुळांवरील मोकळी उंची वाढवावी लागली, त्यामुळे नवा पूल उंच झाला. जुना उड्डाणपूल होता तिथेच राहिला. शेवटी बर्फीवाला पूल जॅक लावून उचलावा लागला आणि ४ जुलै २०२४ रोजी ही जोडणी वाहतुकीस खुली झाली. संपूर्ण गोखले पूल ११ मे २०२५ रोजी खुला झाला.

मित्रहो, या कामात अभियंत्यांची वाण नव्हती आणि संगणकांचीही नव्हती. तरीही हे काय झाले? एकाच रस्त्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या हिशेबांत राहिले. मेळ घालणे म्हणजे काय आणि तो न घातल्यास किती भुर्दंड पडतो, हे समजण्यासाठी याहून मोठे उदाहरण शोधायला नको.

आता लहान उदाहरण पाहू. समजा, मुलुंडला एका इमारतीचा सहावा स्लॅब शनिवारी टाकायचा ठरला आहे. त्यासाठी काय काय व्हायला हवे? सेंटरिंगवाल्यांनी प्लेटा आणि टेकू लावून दिले पाहिजेत. त्यावर फिटरने नकाशाप्रमाणे सळई बांधली पाहिजे. मग इलेक्ट्रिशियनने विजेचे पाइप टाकायचे, प्लंबरने मोरी आणि संडासाच्या जागा राखायच्या आणि शेवटी अभियंत्याने तपासून सही करायची. तयार काँक्रीटची गाडी प्लँटवरून निघाली की साधारण दोन तासांच्या आत तो माल ओतून झाला पाहिजे. अवजड वाहनांवर गर्दीच्या वेळी बंधने असतात, तीही सांभाळावी लागतात. यातला एकजण एक दिवस चुकला की मागचे सगळे खोळंबतात.

एवढ्यावर भागत नाही. स्लॅब टाकला म्हणजे टेकू लगेच मोकळे होत नाहीत. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या कामात साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि सहा मीटरहून लांब तुळईखालचे टेकू किमान २१ दिवस ठेवावे लागतात. म्हणजे सातव्या मजल्याला लागणारा माल सहाव्या मजल्याखाली अडकून पडलेला असतो. दुसरा संच आणायचा की थांबायचे, हे आधीच ठरवावे लागते. सिमेंट लवकर आणून ठेवावे म्हटले, तर तीन महिन्यांहून जुने सिमेंट पुन्हा तपासल्याशिवाय वापरता येत नाही, आणि पावसाळ्यात तर ते गोदामातच दगड होते. उशिरा आणले, तर माणसे हात बांधून बसतात.

पूर्वी हा सगळा हिशेब मुकादमाच्या डोक्यात आणि स्टोअरकीपरच्या वहीत असे. अनुभवी मुकादम चार मजल्यांची इमारत अशी चोख उभी करीत. पण चाळीस मजल्यांच्या इमारतीत किंवा मेट्रोच्या कामात हजारो कामे असतात, ती एका डोक्यात मावत नाहीत. इथे संगणक उपयोगी पडतो.

त्याची रीत समजायला कठीण नाही. १९५७ साली अमेरिकेत ड्यूपाँ या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतले जेम्स केली यांनी ती मांडली. प्रत्येक काम लिहायचे, त्याला किती दिवस लागतात ते लिहायचे आणि ते कोणत्या कामानंतर सुरू होऊ शकते ते लिहायचे. मग आरंभापासून शेवटापर्यंत कामांची जी सर्वांत लांब साखळी निघते, तिच्यातला एक दिवस हुकला तर संपूर्ण प्रकल्प एक दिवस हुकतो. बाकीच्या कामांना थोडी सवड असते. कोणत्या कामाला सवड आहे आणि कोणत्या कामाला नाही, एवढे कळले तरी निम्मे नियोजन झाले. पुढे १९८३ साली प्रायमाव्हेरा आणि १९८४ साली मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या प्रणाली आल्या आणि हा हिशेब टेबलावरच्या संगणकावर होऊ लागला.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे इमारतीची संपूर्ण प्रतिमा संगणकात उभी करणे. लांबी, रुंदी आणि उंची ही तीन परिमाणे झाली. प्रत्येक भाग कोणत्या तारखेला बांधायचा हे त्याला जोडले की चौथे परिमाण आले, आणि त्याचा खर्च जोडला की पाचवे. आपल्या महाराष्ट्रात नागपूर मेट्रोच्या उभारणीत ही पाच परिमाणांची पद्धत वापरण्यात आली. त्या मेट्रोचा पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. अशा प्रतिमेत पाण्याचा पाइप आणि तुळई एकमेकांना छेदत असतील, तर ते बांधण्यापूर्वीच पडद्यावर दिसते. दोन पुलांच्या उंचीतला फरकही असाच आधी दिसू शकतो आणि जोडणीचे काम मूळ वेळापत्रकातच धरता येते. अट एकच, की दोन्ही पूल एकाच प्रतिमेत मांडले पाहिजेत.

आजकाल लहान ठेकेदारसुद्धा मोबाइलवर हिशेब ठेवू लागले आहेत. माल आला की चलनाचा फोटो काढायचा, गोणी मोजायच्या, वापर लिहायचा. रात्री कार्यालयात बसलेल्या मालकाला कळते की आज किती सिमेंट आले, किती खर्ची पडले आणि किती उरले. परंतु एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगणक स्वतः साइटवर फिरत नाही. जो नोंद करतो तो खरी नोंद करतो की साहेबांना खूष करणारी, यावर सगळे अवलंबून आहे. काम अर्धे झाले असताना पूर्ण झाले असे लिहिले, तर पुढच्या माणसांना आणि मालाला नको त्या दिवशी बोलावणे जाते. खोट्या नोंदीवर संगणक जो हिशेब करतो, तो खोटाच निघतो, फक्त नीटनेटका छापलेला असतो.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. सळईचा तुकडा न् तुकडा, सिमेंटची गोणी न् गोणी जिथे मोजली जाते, तिथे बिगाऱ्याचा दिवस मोजला जातो का?

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राने कायदा केला आणि बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घेण्याची तरतूद केली. त्यातून आपल्या राज्यात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ चालते. मुलांच्या शिक्षणासाठी, प्रसूतीसाठी, आजारपणासाठी आणि कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबासाठी साहाय्याच्या योजना आहेत. त्यांचा लाभ घेण्यासाठी नोंदणी लागते. नोंदणीसाठी वय १८ ते ६० असावे लागते आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ९० दिवसांची ही अट कायम आहे.

नाक्यावरचा कामगार आज घाटकोपरला, उद्या भांडुपला, परवा पवईला असतो. वर्षभरात तो नव्वद सोडा, दोनशे दिवसही राबलेला असतो. पण दाखला कोण देणार? मुकादम म्हणतो ठेकेदाराकडे जा. ठेकेदार म्हणतो, तू माझा माणूस नाहीस, मुकादमाचा आहेस. अशा रीतीने कित्येकांचे हक्काचे साहाय्य एका कागदावाचून राहून जाते. आणि मौज अशी, की त्याच साइटच्या संगणकात त्या दिवशी किती बिगारी कामावर होते, हा आकडा असतोच, कारण त्यावर रोजंदारीचा खर्च निघतो. आकडा असतो, नाव नसते. "बिगारी १४" असे लिहिलेले असते. त्या चौदांची नावे लिहिली आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येकाच्या हातात त्याच्या दिवसांचा कागद दिला, तर कंपनीला काही फार खर्च येणार नाही. प्रणालीत ती सोय करणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

इथे एक इतिहास सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच खात्याकडे सार्वजनिक बांधकामे, पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा विचार आणि कामगारांच्या कामाच्या तासांचा विचार एकाच टेबलावर होत होता. काम आणि कामगार यांचा हिशेब एकत्र ठेवता येतो, याचे हे आपल्यासमोरचे उदाहरण आहे.

तेव्हा आपण काय करावे? विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे.

पहिले म्हणजे, ज्यांना दहावीनंतर लवकर कामाला लागायचे आहे, त्यांनी आयटीआयमधील स्थापत्य आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम किंवा स्थापत्य पदविका यांचा विचार करावा. नकाशा वाचता आला आणि मोजमाप घेता आले, की नियोजनाच्या खोलीचे दार उघडते.

दुसरे, महागड्या प्रणाली विकत घेता येत नाहीत म्हणून अडून बसू नये. प्रोजेक्टलिब्र आणि गँटप्रोजेक्ट या प्रणाली विनामूल्य मिळतात. आपल्या सभागृहाच्या गच्चीची दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी करायची आहे असे समजून तिच्या वीस कामांची यादी करा, दिवस लिहा, माल लिहा आणि वेळापत्रक काढा. मे महिन्याच्या अखेरीस गच्चीवर पाणी साठवून गळती तपासायची असेल, तर कोब्याचे काम कधी संपले पाहिजे आणि वीटभट्टीला कधी सांगितले पाहिजे, ते उलटे मोजत या. पुस्तकातल्या दहा धड्यांपेक्षा हे अधिक शिकवील.

तिसरे, ज्याला यात गती आहे त्याने साइटवर गेल्यावर मुकादमापाशी बसावे. कोणते काम कशानंतर होते, हे त्याला तोंडपाठ असते. त्याचे ज्ञान आणि तुमचा संगणक एकत्र आले, तर त्या प्रणालीला अर्थ आहे.

संस्थेच्या सभासदांनाही दोन सूचना करतो. आपल्या वस्तीतील बांधकाम कामगारांसाठी रविवारी एक तास मदतकक्ष चालवावा. प्रत्येकाला एक छोटी वही द्यावी. तारीख, ठिकाण, ठेकेदाराचे नाव, काम, आणि शक्य तेव्हा मुकादमाची सही, एवढे रोज लिहायचे. लिहिता येत नसेल तर त्याच्या मुलाने किंवा मुलीने लिहावे. नव्वद दिवसांचा दाखला मागताना ही वही हातात असली म्हणजे बोलायला बळ येते. दुसरे असे, की विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या घरांच्या प्रकल्पांची प्रगती दर तीन महिन्यांनी महारेराच्या संकेतस्थळावर द्यावी लागते. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर घेतले आहे, त्यांना ती माहिती कशी पाहायची हे आपल्या विद्यार्थ्यांनी दाखवून द्यावे. वेळापत्रक वाचता येणे हीसुद्धा साक्षरताच आहे.

मित्रहो, आपल्या वाडवडिलांनी या उपनगरांच्या इमारतींसाठी पाट्या वाहिल्या. त्यांची नावे कोणत्याही मस्टरवर राहिली नाहीत. पुढच्या पिढीतील काहीजण आता संगणकासमोर बसून हजारो लोकांचे काम आखतील. त्यांनी त्या आखणीत सिमेंट आणि सळई यांच्यासोबत माणसाचे नावही लिहावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.