घरातील गारवा आणि त्याचा परवाना

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्मरणिका समितीच्या चिटणिसांनी या वर्षी आम्हांस चार शब्द बोलावयास सांगितले आणि विषय कोणता घ्यावा हे आमच्यावरच सोपविले. आम्ही विषय कळविताच त्यांच्या मुद्रेवर जी निराशा पसरली ती आमच्या नजरेतून सुटली नाही. मेळाव्यात समाजाच्या इतिहासावर बोलावे, मुलींच्या शिक्षणावर बोलावे, लग्नातील खर्चावर तर दरसाल बोलावेच; परंतु घरातील कूलर काढून वातानुकूलन यंत्र बसविताना कोणाची परवानगी घ्यावी, हे ऐकण्यासाठी सेनगावाहून आणि कळमनुरीहून माणसे कशास येतील, असा त्यांचा प्रश्न होता. आमचे उत्तर इतकेच की, हा विषय आपल्या पांचाळ समाजाच्या हातच्या कामाचा आहे. आणि दोन उन्हाळ्यांपूर्वी तो आमच्या स्वतःच्या उंबरठ्याच्या आत येऊन गेला आहे. ती हकीकत पुढे सांगू.

आपले आजे-पणजे या मुलखात जी घरे उभारीत, त्या घरांचे स्मरण येथील वृद्ध मंडळींस निश्चितच असेल. पाथरवटाने घडविलेल्या दगडांच्या, मातीत रचलेल्या दोन-अडीच हात जाडीच्या भिंती. त्यांवर सुताराने चढविलेल्या सागवानी तुळया. तुळयांवर सर, सरांवर चिपा व पाल्याचा थर, आणि त्यावर पांढरीच्या मातीचे जाडजूड माळवद. वैशाखातील ऊन त्या मातीतून खाली उतरावयास इतका वेळ लागे की, ते घरात पोहोचेपर्यंत बाहेर रात्र होऊन माळवद पुनः निवू लागे. गारवा भिंतीत आणि धाब्यातच असे. तो निराळा विकत आणण्याची व त्यासाठी कोणाकडे अर्ज करण्याची वेळच येत नसे. ऊब म्हणावी तर आपल्याकडे ती स्नानाच्या पाण्यापुरती. त्यासाठी तांबटाने घडविलेला बंब अंगणात किंवा परसात पेटे आणि त्याचा धूर मोकळ्या आभाळात जाई.

परंतु या घरांचे नुसते गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मृगापूर्वी दरसाल माळवदावर नवी माती टाकावी लागे. टाकली नाही तर श्रावणात घरभर भांडी मांडावी लागत. पुढे सागवान मिळेनासे झाले. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे गेली, ती बहुतांशी अशाच जड छपरांखाली व मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली सापडून गेली. त्या दिवसानंतर मराठवाड्यात माळवदाखाली निर्धास्त झोप कोणास लागली असेल असे आम्हांस वाटत नाही. लोकांनी माती उतरविली आणि पत्रे घातले. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनास पत्र्यांवरील दगड काढून ठेवा, असे लोकांस सांगावे लागले. त्याच वर्षी १० जुलैस कळमनुरी तालुक्यात तेवढ्याच तीव्रतेचा दुसरा धक्का झाला. आमच्या गल्लीतील किती दगड तेव्हा खाली आले आणि किती अद्याप वरच आहेत, याची मोजदाद आम्ही केली होती. ती येथे सांगून शेजाऱ्यांचा रोष ओढवून घेत नाही.

पत्र्याच्या घरात मे महिन्याची दुपार काढणे माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणून कूलर आला. आपल्या भागातील उन्हाळा कोरडा असल्यामुळे ओल्या वाळ्यातून वा गवतातून येणारी हवा खरोखरच गार होते. पावसाळा लागला की तेच यंत्र निरुपयोगी ठरते, कारण दमट हवेत पाणी उडून जात नाही. शिवाय त्यास पाणी लागते, आणि ते नेमके टंचाईच्या महिन्यांत. मग ज्यांस परवडले त्यांनी पत्रे काढून सिमेंटचा स्लॅब टाकला आणि वातानुकूलन यंत्र बसविले. माळवद, पत्रा व कूलर, स्लॅब व यंत्र, अशी गारव्याची व्यवस्था आपण दोन पिढ्यांत दोनदा बदलली. आणि हे बदल करताना बाजारातून पंखा आणावा तितक्या सहजतेने आपण वागलो.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहू. गावठाणात घर नव्याने वा पुनः उभारावयाचे तर १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पंचायतीची पूर्वपरवानगी लागते. हिंगोली, वसमत, कळमनुरी या नगरपरिषदांच्या हद्दीत १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम लागू आहे. त्यात एक सवलत आहे ती पुष्कळांस ठाऊक नसते. जी दुरुस्ती वा सुधारणा केवळ घराच्या अंतर्भागापुरती आहे, अथवा जिच्यामुळे घराच्या बाह्य स्वरूपात विशेष फरक पडत नाही, तिला त्या कायद्याखाली परवानगीची आवश्यकता नाही. तेव्हा जुना कूलर काढून नवा ठेवला, किंवा एक यंत्र उतरवून त्याच जागी दुसरे टांगले, म्हणून नगरपरिषदेकडे धाव घेण्याचे कारण नाही. जे म्हणतात की "माझ्या घरातल्या यंत्राला परवानगी कसली?", त्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते बरोबर आहे. माळवद उतरवून स्लॅब टाकणे मात्र बांधकाम होय. त्याचा अर्ज नकाशासह आधी द्यावयाचा असतो. काम उरकून नोटीस आल्यावर नव्हे. अर्ज नियमांस धरून असेल आणि साठ दिवसांत उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे कायदाच मानतो. इतकी सोय असताना आपली माणसे रात्री स्लॅब का भरतात, हे आम्हांस आजवर उमगलेले नाही. जुन्या मातीच्या भिंतींवर पाचशे लिटरची टाकी चढविणारे तर अर्जही करीत नाहीत. पाणी भरल्यावर ती टाकी पाचशे किलोचे ओझे होते, एवढा हिशेब सुताराच्या मुलास सांगावा लागू नये.

आता विजेकडे येतो, कारण खरी गोष्ट तेथे आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ वा नियम होता. पुढे २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे सुरक्षा विनियम केले, त्यांतही तो कायम राहिला. त्याचा आशय असा: दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण जुने काढून नवे लावावयाचे असेल, आणि त्याने वीजमांडणीच्या क्षमतेत वा स्वरूपात कोणताही फरक पडत नसेल, तर ते ग्राहकाने खुशाल करावे. फरक पडत असेल तर ते काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच झाले पाहिजे. पंखा पाऊणशे वॅटचा, कूलर फार तर दोन-अडीचशे वॅटचा आणि दीड टनाचे वातानुकूलन यंत्र दीड हजार वॅटच्या घरातले. पंख्याच्या जागी पंखा आणि कूलरच्या जागी वातानुकूलन यंत्र, या दोन अदलाबदली दुकानाच्या पावतीवर सारख्याच दिसतात. भिंतीतील तारेस त्या सारख्या नसतात.

आता आमची हकीकत. आमच्या घराचे वायरिंग आम्ही स्वतःच्या हाताने केले होते. रंधा चालविणाऱ्यास पक्कड काय जड, असा आमचा ताठा होता. लोखंडी पत्र्याचा कूलर होता. त्याच्या तीन पायांच्या प्लगास दोन भोकांचा जोड लावून आम्ही तो चालवीत असू, म्हणजेच अर्थिंगची तार असून नसल्यासारखी होती. दोन वर्षांपूर्वी एप्रिलातील एका दुपारी आमच्या सूनबाई ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या राहून टाकीत पाणी भरीत होत्या. पाण्याच्या पंपाची वेष्टने क्षारांनी खाऊन उकलली होती. त्यांचा हात कूलरच्या अंगास चिकटला. थोरल्या नातवाने प्रसंगावधान राखून मुख्य बटण पाडले म्हणून आज त्या या सभेत, महिलांच्या बाजूस, तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्यांची अनुमती घेऊनच हे सांगत आहोत. दोष कूलरवाल्याचा नव्हता, वीज कंपनीचाही नव्हता. तो आमचा होता. नंतर परवानाधारक ठेकेदार आला. त्याने जमिनीत अर्थिंग गाडले, तीस मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारे बटण बसविले आणि चाचणी अहवालाचा एक कागद हाती दिला. तो कागद आमच्यापाशी आधी असता तर ती दुपार उगवली नसती.

तोच चाचणी अहवाल भार वाढवून घेण्याच्या अर्जासही जोडावयाचा असतो. आपल्या वीजबिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना छापलेला असतो. तो किती आहे हे येथे बसलेल्यांपैकी कितीजणांस ठाऊक असेल? वीज मंडळ जाऊन २००५ साली महावितरण कंपनी आली, आमच्या तोंडी मात्र अजून 'बोर्ड'च आहे. तसाच बिलावरचा भार दोन दिवे नि एका पंख्याचा राहिला आणि घरात यंत्रे वाढली. भार वाढविण्यास अनामत व शुल्क भरावे लागते म्हणून आपण गप्प बसतो. परंतु गल्लीचे रोहित्र किती शक्तीचे असावे, याचा अंदाज कंपनी नोंदलेल्या भारांवरून बांधते. वीस घरांनी न कळविता यंत्रे लावली तर शंभर केव्हीएच्या रोहित्रावर तीस किलोवॅटचे ओझे त्याच्या मालकास नकळत येते. मग रात्री अकरा वाजता फ्यूज उडतो आणि आपण सारे गच्चीवर जाऊन बोर्डास शिव्या देतो.

आपल्यातील काही कुटुंबांची मुले अमेरिकेत आहेत, त्यांस विचारून पाहावे. तेथील बहुतेक शहरांत घरातील भट्टी वा शीतयंत्र जुने काढून नवे बसविण्यासही नगराच्या बांधकाम खात्याचा परवाना लागतो आणि काम झाल्यावर निरीक्षक घरी येऊन ते तपासतो. कॅलिफोर्निया राज्यात हवा वाहून नेणाऱ्या नळांतून किती हवा गळते याची चाचणीही करावी लागते. एवढा जाच कशासाठी, असे आपल्यास वाटेल. तेथील पुष्कळ भट्ट्या गॅसवर चालतात; धुराड्यात दोष राहिला तर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू घरात साठून झोपलेली माणसे उठत नाहीत. आपल्याकडे बंब अंगणातून गेला आणि गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात आला. त्याच वायूने महाराष्ट्रातही माणसे दगावली आहेत. परंतु न्हाणीघरास झरोका आहे की नाही हे पाहावयास आपल्याकडे निरीक्षक येत नाही. ते घरच्या कर्त्यानेच पाहावयाचे आहे. आपल्या घरी तो गिझर असेल तर उद्याच न्हाणीघराबाहेर काढावा, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

एक गोष्ट तरुणांसाठी. लाकूडकाम कमी झाले, भाता विझला, आणि आपली कित्येक मुले आज वायरिंग करून पोट भरीत आहेत. हात उत्तम आहे, पण परवाना नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे विश्वकर्मा जयंतीस व आपल्या मुक्तिदिनीही, केंद्र शासनाने पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, सोनार आहेत, वायरमन नाही. म्हणजे ज्या कामात आपली नवी पिढी आहे, तेथे पाठीशी कुलपरंपरा उपयोगी पडणार नाही, शासनाची तारतंत्री परीक्षाच द्यावी लागेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व तारतंत्री असे दोन्ही अभ्यासक्रम आहेत. समाजाच्या शिष्यवृत्तीनिधीतून या परीक्षेचे शुल्क देता येईल काय, हा प्रश्न आम्ही कार्यकारिणीपुढे लेखी ठेवला आहे.

आणि कार्यकारिणीचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो. ज्या सभागृहात आपण आता बसलो आहोत, तेथे गतवर्षी चार यंत्रे बसविली गेली. मंजूर भार वाढविला काय, हे आम्ही सकाळी खजिनदारांस विचारले. त्यांनी बिल शोधावयास माणूस पाठविला आहे. तोवर यांतील दोन यंत्रे बंद ठेवावीत असे आम्हीच सुचविले, तेव्हा आपणांस जो उकाडा होत आहे त्याचा दोष आमच्याकडे.

आमच्या घरचा चाचणी अहवाल आणि भारवाढीच्या अर्जाची प्रत आम्ही सोबत आणली आहे. भोजनानंतर मागच्या ओसरीवर आम्ही बसू. ज्यांनी आपले वीजबिल आणले असेल त्यांनी तेथे यावे. मंजूर भाराचा रकाना कोठे असतो ते दाखवू आणि अर्ज तेथेच लिहून देऊ.