कुक्षीचे विस्थापित आणि अंत्रुजचे यजमान

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवातील सभेत दिलेले भाषण)



कुक्षी हे मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याचे तालुक्याचे गाव. पूर्वी ते धारच्या पवारांच्या संस्थानातील एका परगण्याचे ठाणे होते; १९४८ साली ते संस्थान मध्य भारतात विलीन झाले. गावाच्या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानाला त्यात ‘कूस’ ऐकू येते, आणि गेल्या काही वर्षांत ह्या तालुक्यावर जो प्रसंग ओढवला तो पाहता हा अर्थ मनातून जात नाही.

नर्मदेवरील सरदार सरोवराची कोनशिला १९६१ साली बसली, लवादाचा निवाडा १९७९ साली झाला, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. कुक्षी तालुक्यातील निसरपूर हे बाजाराचे मोठे गाव त्या फुगवट्यात गेले. नदीकाठचे चिखलदाही गेले. तत्पूर्वी २०१७ साली ३१ जुलैपर्यंत गावे रिकामी करण्याची मुदत न्यायालयाने घातली होती, आणि कित्येक कुटुंबांसाठी पत्र्याच्या तात्पुरत्या शेडी उभ्या राहिल्या होत्या. पलीकडच्या तीरावर, बडवानीजवळील राजघाटावर, महात्मा गांधी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई ह्यांच्या अस्थींची समाधी होती. त्याच जुलैत तीही उकरून दुसरीकडे न्यावी लागली. जिवंत माणसांप्रमाणे अस्थींनाही विस्थापन चुकले नाही.

लवादाचा निवाडा ज्यांनी चाळला असेल त्यांना त्यातील तपशिलाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. पंचवीस टक्क्यांहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन, दर शंभर कुटुंबांमागे तीन खोल्यांची प्राथमिक शाळा, दर पाचशे कुटुंबांमागे एक दवाखाना, एक बी-बियाण्याचे कोठार आणि एक तळे, दर पन्नास कुटुंबांमागे गुरांच्या पाण्याच्या कुंडीसह एक विहीर, आणि बसण्याउठण्यासाठी एक चौथरा! चौथऱ्याचा विचार करणारा कायदा क्वचितच आढळतो. तथापि त्या चौथऱ्यावर संध्याकाळी कोण कोणाशेजारी बसेल, हे कायद्याच्या हाती नाही. नवी वसाहत ज्या गावाच्या शिवेला लागते त्या गावाने आपली विहीर तोवर वापरू दिली, दुकानदाराने अनोळखी नावाचे खाते उघडले, स्मशानाची वाट मोकळी ठेवली, गुरे चरायला येताच काठी उगारली नाही, तरच वसाहतीचे गाव होते. ह्यांपैकी एकाही गोष्टीचा रकाना सरकारी तक्त्यात नाही.

हा विषय येथे जमलेल्या कुळांना परका वाटू नये. सोळाव्या शतकात सासष्टीतील देवळांवर पोर्तुगीज सत्तेचा घाला आला, तेव्हा कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० साली प्रियोळास आला. केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा श्रीरामनाथ बांदिवड्यास आला. अघनाशिनीच्या पलीकडचे अंत्रुज त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होते. देव नेसत्या वस्त्रानिशी आले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बरोबर आली ती कुळे. त्यांच्यापैकी काही तेथेच राहिली, काही पुढे कारवार, मंगळूर, कोचीपर्यंत गेली.

ही कथा देवस्थानांच्या स्मरणिकांतून अनेकदा सांगितली गेली आहे, आणि ती नेहमी निघणाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाते. ज्या गावांनी दार उघडले त्यांच्याविषयी एखादे वाक्य येते आणि लेखणी पुढे सरकते. वस्तुतः ती गावे ओसाड नव्हती. बांदिवड्याचा श्रीनागेश तेथे पूर्वापार होता. त्याच्या देवळातील शिलालेख १४१३ सालचा आहे. अशा नांदत्या क्षेत्रात आलेल्या देवाला शेजारी जागा मिळाली, आणि आज रामनाथी व नागेशी ही दोन स्थाने हाकेच्या अंतरावर नांदत आहेत. स्थळदेवतेला आणि राखणदाराला प्रथम नारळविडा ठेवण्याची जी रीत गोव्यात सर्वत्र पाळली जाते, तिच्या मुळाशी यजमानाचा मान आहे, हे नव्या पिढीला कोणी सांगत नाही.

पुढे काळ पालटला. रामचंद्र मल्हार सुखटणकर ह्यांच्या सांगण्यावरून पेशव्यांनी १७३९ साली मंगेशी गाव श्रीमंगेशाला इनाम दिला. शाहूच्या कारकिर्दीत नारोराम मंत्र्यांनी कवळ्याचे देऊळ उभे केले. वैभव आले हे उत्तमच झाले. परंतु आश्रयास आलेला मालक झाला आणि आश्रय देणारा पालखीचा भोई, वाजंत्री किंवा कूळ म्हणून उरला, ही बाजूही नमूद केली पाहिजे. १८८६ च्या मझानी नियमावलीने व १९३३ च्या कायद्याने महाजन कोण हे ठरवले, त्यांची नामावली बांधली. यजमान कोण होते, हे विचारण्याचे त्या कायद्यांना कारण नव्हते. महाजनांना मात्र ते आहे.

गोव्यातही अगदी अलीकडे हेच घडले. साळावली धरणासाठी सांगे तालुक्यातील कुर्डी गाव १९८० च्या दशकात बुडाले आणि तेथील कुटुंबे वाडे व वालकिणी येथे वसवण्यात आली. कुर्डीचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ पुरातत्त्व खात्याने दगडन्‌दगड हलवून दुसरीकडे उभारले. सोमेश्वर मात्र तेथेच राहिला. मे महिन्यात पाणी ओसरले की कुर्डीकर त्याच्या पूजेला जमतात.

अंत्रुजच्या यजमानांना साडेचारशे वर्षे लोटली. कुर्डीकरांना पहिल्या पावसाळ्यात कोणी भात-मीठ दिले, कोणाच्या विहिरीचे पाणी प्रथम मिळाले, हे सांगणारी माणसे अद्याप हयात आहेत. कुक्षीकडे तर ती कालपरवाची गोष्ट आहे. ह्या स्मरणिकेत देणगीदारांच्या नावांसाठी पाने राखलेली असतात. पुढील अंकात चार पाने वाडे, वालकिणी येथील वृद्धांसाठी राखावीत, आणि देवस्थानच्या परिसरातील जुन्या सेवेकरी घराण्यांकडूनही त्यांच्या घरात चालत आलेले जे काही असेल ते टिपून घ्यावे. एका मे महिन्याच्या सुटीत दोन-तीन तरुणांकडून होण्यासारखे हे काम आहे, आणि त्यासाठी कागदाखेरीज खर्चही नाही.